सोनोग्राफीचा कागद

मयूरी,

लॅमिनेशनसाठी काढून ठेवलेल्या कागदांतून तुझा सोनोग्राफीचा फोटो मी घेतला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात गरम मशीन आहे आणि हा छाप उष्णतेनेच उमटतो. मशीनमधून कागद पूर्ण काळा होऊन बाहेर आला असता. थंड लॅमिनेशनचाही विचार केला, पण त्यातल्या गोंदाने असा छाप हळूहळू पुसट होतो. म्हणून शालिमार चौकातल्या फोटोच्या दुकानात जाऊन त्याची साध्या फोटो-कागदावर प्रत काढते आणि त्या प्रतीलाच थंड लॅमिनेशन करून आणते. मूळ कागद पाकिटात, कपाटात राहील. तुझ्या ओळखपत्राला गरम चालेल. ते टेबलावर आहे.

वरण कुकरमध्ये आहे. भात लावण्याइतके त्राण आज उरले नाही.

मार्चमध्ये तू दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलीस, तेव्हा "आता तो कागद ठेवून काय साध्य होणार?" असे मी विचारले होते. तू फक्त "बरं, आई" म्हणालीस. तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवूनही तो प्रश्न मी चुकीचा विचारला.

भिंग लावून पाहिले, मला करड्या ठिपक्यांपलीकडे काही ओळखता आले नाही. संध्याकाळी दाखवशील का, बाळ कुठे आहे ते?

आई