ताईसाठी केलेला चहा

परभणी, १२ फेब्रुवारी

इतके दिवस लिहिलं नाही, चुकलंच. जुईला ब्लड कॅन्सर आहे, हे स्वतःच्या अक्षरात बघवेना.

आज वालूरहून ताई भेटायला आली आणि जुईच्या देखतच मोठ्यानं रडली, "लय वाळलं गं माय लेकरू!" ताईला वाईट वाटेल म्हणून मी तिला थांबवलं नाही. उलट तिचीच समजूत घातली, चहा केला.

ती गेल्यावर जुईनं विचारलं, "बाबा, आत्या का रडली? मी मरायले का?"

"छे! तिचं डोकं दुखत होतं."

पोरीशी खोटं बोलू नका, असं दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं. मी मानही डोलावली होती. येणारा रडून मोकळा होतो, वर त्याला चहा मीच देतो. आणि जुईला काय दिलं?

उद्या: आत्या का रडली, ते जुईला खरं सांगणे.