आतल्या खोलीतलं विमान

बाबा, विमान लाकडाचं असतं. आता नसतं, पण सुरुवातीला असायचं. मी सात-आठ वर्षांची असताना कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध फवारणारं विमान आपल्या पिंपळगाव राजाच्या शिवारावरून इतकं खालून गेलं होतं, की आईनं डोक्यावरचा भारा टाकून दिला. तुम्ही बांधावर उभे होतात. मी विचारलं, "बाबा, हे कायचं असते?" तुम्ही हात डोळ्यांवर धरून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिलात आणि म्हणालात, "लोखंडाचं असन. लाकूड कुठी उडते का, बाई?" तुम्ही सुतार, तरी तुम्हाला ते माहीत नव्हतं, आणि मलाही यंदाच कळलं. जुन्या विमानाच्या पंखांत शिवणीच्या झाडासारख्या हलक्या लाकडाच्या फासळ्या असत. त्यांच्यावर कापड ताणून बसवत आणि वरून लेप देत, म्हणजे ते वाळून ढोलकीसारखं घट्ट होई. एक पंख वर, एक खाली, मधे काठ्या आणि आडव्यातिडव्या तारा. हे मी इतकं खात्रीनं सांगते, कारण तसं एक विमान मी चार महिने बसून बनवलं. खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख नऊ फूट.

बनवलं आतल्या खोलीतच. ती अजून तुम्ही बांधली तेवढीच आहे, आठ बाय बारा. पंख आडवा धरून मला वळता येत नव्हतं. उभा करायचा, छतातल्या वाशाला लागणार नाही असा तिरपा करायचा, मग आपण त्याच्याभोवती फिरून पलीकडे जायचं. असं दिवसातून वीस वेळा. फिरताना मला दर वेळी तो दिवस आठवे, ज्या दिवसापासून ही खोली माझी झाली.

मी अकरा वर्षांची आहे. दुकानात तुमच्या शेजारी बसून चौकटीला पटाशीनं खाच पाडते आहे. तुम्ही रेघ मारून दिली आहे आणि मी रेघेच्या आत चालले आहे, याचा मला फार आनंद झालेला आहे. तेवढ्यात दार ठरवायला आलेला माणूस हसतो आणि म्हणतो, "काऊन मिस्त्री, पोरीले पटाशी देली? नवऱ्याच्या घरी पोया कराच्या सोडून चौकटी बसवीन का हे?" बाकावर बसलेले आणखी दोघे हसतात. तुम्ही हसत नाही. माझ्या हातातली पटाशी काढून घेता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "उठ. आत जाय." मी उठते. फ्रॉकवरचा भुसाही झटकत नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही, हे तुम्हाला आठवत असेल. पुढच्या दोन दिवसांत तुम्ही दुकानामागच्या पडवीला भिंत घातली, दार बसवलं आणि मला आत बोलावलं. खाली पोत्यावर एक रंधा ठेवलेला. बाभळीचा, माझ्या पंज्याच्या मापाचा, धरायच्या जागी गोल केलेला. तुम्ही म्हणालात, "इथं बस. पाहिजे तितकं कर. फक्त दार लावून कर." मला वाटलं, असा बाप गावात कुणालाच नाही. आजही वाटतं. पण दार लावण्याचं ते वाक्य मी त्या रंध्यासोबतच घेतलं, आणि तेव्हा त्याचं वजन मला कळलं नाही.

विसाव्या वर्षी तुम्ही माझं लग्न करून दिलं आणि मूल नाही म्हणून तिसऱ्या वर्षी सासरच्यांनी मला परत आणून सोडलं. मी आले तेव्हा आई रडली. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, "खोली झाडून ठेवली हाये." पुढची सात वर्षं मी तिथं देव्हारे केले, पाळणे केले, दारांवर वेली कोरल्या. तुमचा उजवा हात थरथरायला लागला ते घरातल्यांशिवाय कुणाला कळलं नाही. खामगावचा एक माणूस मुद्दाम तुम्हाला कोरताना बघायला आला होता. तुम्ही हात धोतराच्या सोग्याखाली घेतलात आणि म्हणालात, "आज डोये दुखून राह्यले, नंतर कधी या." मी दाराच्या आत बसून ऐकत होते. पटाशी तशीच लाकडाला टेकलेली, कारण ठोकलं असतं तर आवाज झाला असता. तो माणूस चहा पिऊन, बराच वेळ बोलून गेला. तेवढा वेळ मी हललेच नाही.

तुम्ही गेलात तेव्हा अंगणात माणसं म्हणत होती, असा हात पुन्हा व्हायचा नाही. मी त्यांच्यासाठी चहा ठेवत होते. मला राग आला का, हे मी एकोणीस वर्षांत ठरवू शकले नाही. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की हात तर हा काय, साखर टाकतो आहे.

नंतर दुकान भाऊ बघायला लागला. तो वाईट नाही, बाबा. त्याला लाकडाचा कंटाळा आहे एवढंच. तो तयार दारं आणून विकतो. कुणाला नक्षीचं काही हवं असलं की सांगतो, "होऊन जाईन," आणि आत येऊन माझ्यासमोर कागद ठेवतो. यंदा खामगाव रस्त्यावरच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं. त्यांना शाळेच्या हॉलमध्ये टांगायला जुन्या काळचं दोन पंखांचं विमान हवं होतं, पुठ्ठ्याचं नाही, आत फासळ्या दिसतील असं खरं लाकडाचं. भाऊ छातीवर हात ठेवून हो म्हणून आला. "आमच्या बाबाचा हात हाये घरात," असं सांगून आला.

"ताई, होईन ना?"

"तू हो म्हनून आला, मंग मले काऊन विचारतं?"

"तू नाई म्हनशीन तर सांगून देतो तिकडं."

मी त्यानं शाळेतून आणलेले नकाशे उघडले आणि नाही म्हणायचं विसरून गेले. एका पंखात बावीस फासळ्या, प्रत्येक फासळीची पाठ माशासारखी वळलेली. पट्ट्यांना पातेल्यावर वाफ देऊन वाकवलं, सरस लावून बांधून ठेवलं. नाकावरचा फिरता पंखा सागवानाच्या सहा पट्ट्या एकावर एक चिकटवून कोरला. दोन्ही पाती तोलायला मी तो मधोमध खिळ्यावर टांगला. एक पातं खाली जाई, त्याला पॉलिश पेपर मारायचा, मग दुसरं खाली जाई. तिसऱ्या दिवशी तो आडवा राहिला. तुम्ही असतात तर अंगठा फिरवून काहीतरी खोड काढली असती. मी अर्धा तास त्याच्यासमोर नुसती बसून होते.

एप्रिलमध्ये कापडाला लेप द्यायचा होता. पत्रा तापलेला, दुकानात गिऱ्हाईक. त्या लेपाचा वास डोक्यात जातो. पहिला हात देऊन झाला आणि माझ्या लक्षात आलं, की खालच्या पंखाला पीळ पडला आहे, कापड ओढून फासळ्या वाकवत आहे. ते लगेच फाडून काढायला हवं होतं. माझे हात गार पडले, भिंती जवळ आल्यासारख्या झाल्या. मी दाराला टिचकी मारली. भाऊ बाहेरून हळू आवाजात म्हणाला, "थोडी थांब ताई, गिऱ्हाईक हाये." आणि मी थांबले, बाबा. पन्नाशीला आलेली बाई, मी खाली फरशीवर पालथी झोपले आणि दाराखालच्या फटीला तोंड लावून वारा घेतला. पलीकडे चपला घातलेले चार पाय दिसत होते. कडी माझ्या बाजूनं होती. नुसती सरकवायची होती. ती सरकवावी असं माझ्या मनात आलंच नाही. ते पाय गेल्यावर मी उठले, कापड फाडलं, नऊ फासळ्या काढून नव्या केल्या.

मेच्या शेवटी भावानं विमान सुटं करून टेम्पोनं नेलं. जोडणी तिथंच करायची होती. कोणती तार किती ओढायची हे मी त्याला दोनदा समजावलं होतं. दुपारी त्याचा फोन. "ताई, वरचा पंख झुकून राह्यला." मी म्हटलं, डावीकडची मागची तार सैल कर. केली. मग उजवा पंख झुकला. तासभर असंच चाललं. शेवटी फोनमधून मला मोठ्या बाईंचा आवाज आला, "तुम्ही मघापासून कोणाला विचारताय?" मला वाटलं, भाऊ फोन ठेवेल. मग तो म्हणाला, "बहिणीले. हे तिनंच बनवलं, मॅडम. अन् बाबाच्या नावावर गेलं ते बी बरंचसं तिनंच बनवलं होतं." मी फोन कानाला लावून उभी राहिले. त्यानं एवढं बोलावं असं मी कधी मागितलं नव्हतं. आणि तो बोलला तेव्हा मला आनंदाऐवजी भीती वाटली, चोरी पकडल्यासारखी.

बाई गाडी घेऊन स्वतः घरी आल्या. आईच्या खाटेजवळ बसून त्यांनी पाणी घेतलं आणि मला म्हणाल्या, "चला." मी हातावरचा सरस खरवडत गाडीत बसले. हॉलमध्ये पाच-सहा शिक्षक होते, शिपाई होते, सुट्टीच्या शिबिरातल्या मुली होत्या. मी पदर खोचून शिडीच्या घोड्यावर चढले. सगळे बघत होते. पहिल्या तारेला हात लावला तेव्हा मी आवाज न करता काम करते आहे, हे माझं मलाच कळलं. हळूहळू एकेक तार वाजवून बघत सारख्या ताणाची केली. पंख सरळ झाले. खालून एका मुलीनं विचारलं, "तुम्ही बनवलं हे?" मी म्हटलं, "हो." एवढंच. पण माणसांसमोर ते मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. भाऊ तेव्हा खाली बघत खिळे डब्यात भरत होता.

निघताना मोठ्या बाई म्हणाल्या, "शाळा सुरू झाली की आठवड्यातून दोन दिवस याल का? मुलींना लाकूडकाम शिकवा. मुलांनाही." मी म्हटलं, आईला विचारून सांगते. आई अंथरुणावर आहे, आणि घरात वहिनी असली तरी आईचं सगळं मीच करते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "सावकाश सांगा."

हे सगळं तुम्हाला का लिहिते आहे, मला नीट सांगता येत नाही. तुम्ही दार माझ्यासाठी लावलंत की तुमच्यासाठी, असं विचारायचं म्हणून कागद घेतला होता. पण तुम्ही असतात तरी मी ते विचारलं नसतं, आणि तुम्हीही काही बोलला नसतात. कागद पाठवायला पत्ता नाही. भावाच्या हाती लागला तर त्याला उगाच वाईट वाटेल, म्हणून हा फळ्यांच्या मागे ठेवून देईन.

एक मात्र सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मी आईला खरंच विचारलं होतं. तिला उठवून बसवलं, पाठीला उशी लावली आणि विचारलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "जाय ना माय, कायले थांबतं? दोन दिवस सूनबाई पाहीन मले." मी शाळेत फोन करून सांगितलं, आई नाही म्हणते.