बंदराच्या नकाशातली चूक

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज सांगायचं आहे ते तुम्ही असताना मला सांगता आलं नसतं.

दर्पण कॉलनीतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. ग्वाल्हेरात समुद्र कुठला. पण बंदरखात्यातली नोकरी संपवून तुम्ही घरी परतलात आणि आम्हा दोघी मैत्रिणींना परातीतल्या पाण्यात बंदर शिकवू लागलात. दोन लाटणी म्हणजे लाटा अडवणारे बांध. मी लगेच नकाशा काढते. तुम्ही चष्मा वर सरकवून म्हणता, "रेघ तर सुरेख आहे, पण पाण्याला विचारलंस का?" तिचा नकाशा वेडावाकडा होता, पण पाण्याला विचारून काढलेला. तो तुम्ही काकूंना हाक मारून दाखवलात, आणि निघताना भरती-ओहोटीच्या नोंदींची तुमची वही तिला दिलीत. घरी, पडाव भागाकडे जाणाऱ्या टेम्पोत वही मांडीवर घेऊन ती बोलत राहिली, आणि मी नुसती हं हं करत होते.

आता कोकणच्या किनाऱ्यावर नवं व्यापारी बंदर होतंय. आराखडा तिचा. तपासायला माझ्याकडे आला. बंदराचं तोंड पावसाळी लाटांच्या अगदी समोर होतं. धक्क्याला लागलेली मालवाहू जहाजं हेलकावतच राहिली असती, माल उतरवायचा कसा? मला आनंद झाला, सर. लगेच फोन करता आला असता. मी आठ दिवस थांबले आणि भरल्या बैठकीत, सगळ्यांदेखत सांगितलं.

ती खाली बघून लिहून घेत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "फोन करून सांगून दिलं असतंस ना. तपासायला तूच पाहिजे, असं मीच मागितलं होतं. सर म्हणायचे, तुझी चूक तीच पकडेल."

"कधी म्हणाले?"

"नेहमीच म्हणायचे की."

शरम वाटली, पण त्याच्या आधी हेवा वाटला. नेहमी, म्हणजे माझ्यामागे तुम्ही दोघं किती बोलत होता. तिनं बांधाची दिशा बदलली, आराखडा मंजूर झाला, वर त्यात माझे आभारही मानले.

मागच्या आठवड्यात बांधकाम सुरू झालं. पहिला दगड पाण्यात पडताना तू शेजारी हवीस, असं तिनं दोनदा कळवलं. मी ताप असल्याचं सांगितलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. ताप नव्हता. त्या दुपारी मी इथं ग्वाल्हेरातच, पाटणकर बाजारात पडद्यांचं कापड बघत होते, आणि घेतलं काहीच नाही.