भावोजींना चमचासुद्धा नाही

थोरल्या, तुझी कंबर कशी आहे? वाकून ओझी उचलू नकोस म्हटलं तर ऐकशील तर शपथ. सूनबाई, खोकला गेला का? औषध कडू लागतं म्हणून कुंडीत ओतू नकोस, झाड सुकलंय. पाळकसाहेब, घसा जपा. तुमचा आवाज बसला तर शिंपीदादा प्रवचनाला उभे राहतील, मग मंडळीची खैर नाही. भावोजी, तुमचा गुडघा कसा आहे? आणि रुसवा? तो धडधाकट असेलच, त्याला तुम्ही चांगलं खाऊपिऊ घालता.

माझं म्हणाल तर मंगळवारी पोटाचं ऑपरेशन आहे. "आजी, घाबरू नका," असं डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता कागदाकडे बघून म्हणाले. तेव्हा आवराआवर केलेली बरी.

सबब मी, खाली सही करणार, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, शिक्षण चौथी आणि पुढचं सगळं आपलं आपण, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाला वा लाडीगोडीला बळी न पडता, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असं:

कलम १. राहतं घर थोरल्याला आणि सूनबाईला, दोघांना मिळून. भांडणात "घर कोणाचं" हा प्रश्नच निघायला नको.

कलम २. टोचा, लाकडी खुंट्या आणि वेत भिजवायचं घमेलं सूनबाईला. तिची वीण माझ्यापेक्षा सफाईदार आहे. हे तोंडावर सांगितलं नाही, डोक्यावर बसली असती. साठवलेले पैसे निम्मे नातीच्या शिक्षणाला, निम्मे आपल्या प्रार्थनामंदिराच्या गळक्या छपराला. आधी छप्पर, मग पंखे. सभेत कोणी पंख्यांचा विषय काढलाच, तर त्याला हे कलम वाचून दाखवा.

कलम ३. भिंतीवरचं घड्याळ शिंपीदादांना. ते मागे पडतं, आणि गाण्यात शिंपीदादा सगळ्यांच्या एक ओळ पुढे असतात. दोघं मिळून कदाचित वेळेवर येतील.

कलम ४. आमच्या प्रार्थनामंदिरात बाकं नाहीत. मंडळीत सामील होणारा आपल्या घरची एक खुर्ची आणतो, सगळ्यांसमोर वचन देतो आणि ती तिथे कायमची ठेवतो. माझी खुर्ची माझ्या मागे दाराजवळ ठेवावी, म्हणजे उशिरा येणाऱ्याला लाज न वाटता टेकता येईल.

कलम ५. माझे दीर, धंदा रंगकाम, यांना मी काहीही ठेवत नाही. चमचासुद्धा नाही. (कपाळाला आठी पडली ना? पुढे वाचा.)

थोरला शाळेत होता तेव्हाची गोष्ट. भावोजींनी कोणाला न विचारता मंदिराचं दार पोपटी रंगवलं. सभा भरली, हात वर झाले, दार तपकिरी करायचं ठरलं. माझाही हात वर होता. भावोजी उठले आणि खुर्ची डोक्यावर घेऊन चालू लागले. 

"अहो, खुर्ची कुठे नेताय?" पाळकसाहेब मागे धावले.

"रंग तुमचा, खुर्ची माझी!"

तेव्हापासून ते दर रविवारी येतात आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. आत गाणं लागलं की बाहेरून खर्जातला आवाज येतो. 

"वहिनी, मी सभासद नाही, नुसता श्रोता."

"मग श्रोत्याने गावं कशाला?"

"घसा साफ करतो."

खुर्चीची बैठक केव्हाच फाटली. मी म्हटलं, आत आणा, विणून देते. म्हणाले, बाहेर विणा. बाहेरचं काम मी घेत नाही. म्हणून वर फळी टाकून बसतात.

भावोजी, ऐकायला व्हरांडा पुरतो. पण आपण वचन दिलं ते नुसतं ऐकायचं नव्हतं. एकमेकांची ओझी उचलायची, कोणाचं चुकलं तर सांगायचं, आपलं चुकलं तर ऐकून घ्यायचं, सभेत हरलो तरी पुढच्या रविवारी हरवणाऱ्यांच्याच शेजारी बसून प्रभूच्या मेजावरच्या एकाच भाकरीतला तुकडा घ्यायचा. तुमचे दादा गेले तेव्हा कितीतरी दिवस मला चूल पेटवावी लागली नाही. आळीपाळीने डबे आले. शिंपीदादांचा खारट होता, पण आला.

आणि तुम्ही मागच्या थंडीत तापाने फणफणला होता, तेव्हा पाळकसाहेबांना कडीसुद्धा काढली नाहीत. "मी तुमच्यातला नाही" म्हणे! माझ्यासाठी काढलीत, कारण मी वहिनी. मंगळवारनंतर मी नसले, तर कोणासाठी काढाल?

खिडकीजवळची तुमची जागा अजून रिकामी आहे. आम्ही वळसा घालून जातो. कोणी नवीन विचारलं की सांगतो, "तिथे रंगारी बसतात." आणि हो, दाराच्या तपकिरी रंगाचे पोपडे निघालेत. खालून तुमचा पोपटी डोकावतोय. झालं समाधान?

कलम ६. वकीलबाईंनी बजावलंय की, "आजी, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नका." चमचा नाही तो यासाठी. दुसरे साक्षीदार तुम्ही, भावोजी. सह्या ऑपरेशनच्या आधी, येत्या रविवारी, उपासनेनंतर, मंदिराच्या आत, खिडकीजवळ. व्हरांड्यात मी सही करणार नाही, वाऱ्याने कागद उडतो. गुडघा तुम्हाला उभं राहू देणार नाही, तेव्हा खुर्ची घेऊन या. फळी घरी ठेवा.

ठिकाण: प्रार्थनामंदिर, आतली बाजू
दिनांक: येता रविवार
लिहून ठेवणारीची सही: साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत करीन
साक्षीदार पहिला: वकीलबाई, येते म्हणाल्यात
साक्षीदार दुसरा: ……………………

भावोजी, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात हे मला ठाऊक आहे. पण मग मला तुमच्याशी भांडता कसं येणार? म्हणून ही प्रत आजच पाठवतेय. येताय की नाही, दोन ओळी लगेच लिहून पाठवा. वेत आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो.