पंगतीवर नेमलेले सात

पप्पा,

शनिवार आहे, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. इथे अमेरिकेत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या ज्या किराणा दुकानात मी कामाला आहे, त्याच्या मागच्या खोलीत तूरडाळीच्या पोत्यावर बसून जेवलो आणि हात धुऊन हे लिहायला घेतलं. उद्या मंडळीला उत्तर द्यायचं आहे.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. एका अमेरिकन चर्चचं तळघर रविवारी दुपारी आम्हाला भाड्याने मिळतं. मराठी उपासना होते, मग प्रत्येकाने घरून आणलेलं जेवण. दोन म्हाताऱ्या तेलुगू मावश्याही येतात, दोघी विधवा. मराठी जेमतेम कळते, पण गाणी आवडतात. त्या जिन्याजवळ बसतात आणि रांगेत शेवटी उभ्या राहतात. तोवर पुढच्यांनी सोमवारच्या ऑफिससाठी डबे भरून घेतलेले असतात. गेल्या रविवारी दोघींच्या ताटात नुसता भात होता. मला राहवलं नाही. उभा राहून म्हणालो, "सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय कुणी डबा भरू नये."

"आणि तू काय आणतोस रे? चिप्सची पिशवी!" एक काकू म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

मंडळी चालवणारे डॉक्टरकाका मात्र हसले नाहीत. "मग पुढच्या रविवारपासून जेवणाचं तूच बघ. रीतसर नेमू तुला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू."

"काका, मी फक्त सांगत होतो."

"अरे, बायबलातला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाच. त्यातले लोकही फक्त सांगतच होते."

वाचायची गरज नव्हती, लहानपणीच तुमच्या तोंडून ऐकला होता. आपल्या स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापते आहे आणि तुम्ही उपदेशाची तयारी मोठ्याने करता आहात. यरुशलेमेतली मंडळी अगदी नवी, ना इमारत ना पाळकाचा बंगला, आणि कुरकुर सुरू झाली ती जेवणावरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. बारा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितली. "नावं बघ," तुम्ही मला म्हणता, "सातही ग्रीक. ज्यांची ओरड होती त्यांच्याच हातात पळी दिली." आई तव्यावरची नजर न काढता म्हणते, "आणि त्यातल्या पहिल्याला दगडांनी मारलं, तेही सांगा की."

त्याच वर्षी नाताळच्या प्रीतिभोजनाला मी पहिल्या पंगतीत बसलो, तर तुम्ही दंडाला धरून उठवलंत. "पाळकाचं पोरगं शेवटी जेवतं." सगळ्या गावासमोर. शेवटच्या पंगतीला रस्सा संपला होता. तुम्ही शेजारी येऊन कोरडी भाकरी मोडलीत, तेव्हा कळलं की तुम्हीही जेवला नव्हतात.

मी बारावी नापास. प्रेषित पेत्रही न शिकलेला, मासे धरणारा होता हे ठाऊक आहे, आणि मला दगडांची भीती नाही. भीती त्या काकूंची आहे. उद्या त्या डबा उघडतील आणि मला "काकू, जरा थांबा" म्हणावं लागेल. त्या रुसून आल्याच नाहीत तर? लहान मंडळी एका घराच्या रागाने मोडते, असं तुम्हीच म्हणायचात. त्या अध्यायात लिहिलंय की हे बोलणं सगळ्यांना पसंत पडलं. ज्यांच्या वाट्याचं त्या दिवसापासून कमी झालं, ते घरी जाऊन काय बोलले ते लिहिलेलं नाही. आणि उद्या मी नाही म्हणालो, तर त्या दोघी पुन्हा नुसता भात खातील.

काकांना म्हणालो होतो, घरी विचारून सांगतो. घरी मी एकटाच राहतो, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून खरं लिहितो. तुम्ही "तुला जमायचं नाही, राहू दे" म्हणाल या आशेने बसलो होतो. तुमचं तसं एकही वाक्य मला आठवलं नाही.