परस्तूचं नाव यादीत घालताना

३ आबान, मंगळवार

बायकोची, महलकाची, साखर आज बरी. माझा गुडघा कुरकुरतोय, पण चालतोय. शीराझला मुलगा-सून खुशाल. नातीचा पहिला दात पडला. वरच्या मजल्यावरच्या तूबा खानमची तब्येत विचारू नये अशी. आणि तिची लेक परस्तू कशी आहे, हे कुणाला विचारायचं?

बारा दिवस झाले. कॉलेजच्या फाटकातून उचलली. तुरुंगवाले म्हणतात इथे नाही. ठाण्यावरचे म्हणतात आमच्याकडे नाही. बावीस वर्षांची मुलगी काय हवेत विरली?

तूबा खानम संध्याकाळी खाली आली. चहाला हात लावला नाही. "उस्ता, बाहेरदेशी कुणी यादी ठेवतंय म्हणे. ज्यांना नेलं त्यांची. नाव लागलं की आतले जरा हात आवरतात. तुम्ही जन्मभर रेडिओ खोललेत, एवढं उघडून द्या."

खरं की खोटं, देव जाणे. नाही म्हणायला जीभ वळली नाही.

४ आबान

यादीची साइट नवी आहे, महिनाही झालेला नाही. आपल्या सरकारने तिला अजून कुलूप घातलेलं नाही. सरळ गेलो तर उघडेल. पण सरळ जाणं म्हणजे घराचा पत्ता कपाळावर लिहून जाणं — कोणत्या घरातून कोण कुठे गेलं, त्याची नोंद राहते. म्हणून मी आडवाटेने जातो. टॅबवर एक बटण आहे. ते चालू केलं की माझी चिठ्ठी तीन परक्या घरांतून फिरते आणि शेवटच्या घरातून बाहेर पडते. पाठवणारा कोण, कळत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. बिघडवत, दुरुस्त करत शिकलो.

गंमत अशी, की ज्या साइटसाठी एवढा आटापिटा, तीच तोंडावर दार लावते. आडवाटेने चोरही येतात, म्हणून सगळ्यांवरच संशय. "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा." नऊ चित्रं. आग विझवायचा नळ कुठे कुठे आहे ते दाखवा. आमच्या गल्लीत आग लागली तर लोक बादल्या घेऊन धावतात. तो नळ मी कधी पाहिलाय?

महलका मागे उभी राहून: "तो लाल बुटका. नाही हो, ती टपालपेटी. झालं, उस्ता नापास."

सात वेळा नापास. मग त्यांनी सरळच सांगितलं — प्रवेश नाही.

६ आबान, शुक्रवार

शेवटचं घर बदलून पाहिलं. एकामागून एक अकरा घरं. जर्मनीतून गेलो, रुमानियातून गेलो. सगळीकडे तेच दार, तीच कडी.

मग दुसरी युक्ती. कुणीतरी त्या पानाची प्रत काढून दुसरीकडे ठेवली होती, ती आडवाटेने उघडली. वाचता येते, लिहिता येत नाही. चारशे बारा नावं. वय, गाव, कधी नेलं. सगळी वाचली. एक मुलगा सतरा वर्षांचा, आमच्याच केरमानशाहचा, लोहार गल्लीतला. त्याच्या बापाचा ट्रान्झिस्टर मी दुरुस्त केलेला आहे.

परस्तू नाही.

शेवटी यादीवाल्यांना पत्र टाकलं. बाबांनो, तुमच्याकडे येणाऱ्याला तोंड झाकूनच यावं लागतं. आणि तुम्ही तोंड झाकलेल्यालाच हाकलता, हा कुठला न्याय?

७ आबान

उत्तर आलं! आपल्याच भाषेत. "काका, चूक आमची. तुमच्यासारख्यांसाठी अडसर काढतोय, दोन दिवस द्या. मुलीच्या केसचा नंबर असेल तर जोडा, त्याशिवाय नाव पक्कं धरत नाही."

काका म्हणाला. कुणाचं पोर असेल, कुठे बसलं असेल.

९ आबान

तूबा खानमच्या फोनवर मेसेज — केस दाखल झाली, नंबर सरकारी साइटवर पाहा. म्हणजे मुलगी जिवंत आहे. तूबा जिन्यातच बसली. महलकाने तिला धरून आत आणलं.

सरकारी साइटची तऱ्हा उलटी. तिला वाटलं की माणूस परदेशातून येतोय, की ती उघडतच नाही. तिथे आडवाट बंद करूनच जावं लागतं. गेलो, नंबर मिळाला, कागदावर उतरवला. लगेच यादीकडे वळलो.

आणि दार उघडलं. चित्रं नाहीत, नळ नाहीत, एका झटक्यात. बोलल्याप्रमाणे अडसर काढला त्यांनी. मी आपल्या सवयीने म्हणालोसुद्धा, "कशाला एवढी तसदी घेतलीत." महलका हसली, "टॅबशी काय आर्जव करताय?" नाव लिहिलं, वय, कॉलेज, नंबर. तूबा खानमने माझा हात डोळ्यांना लावला. तिने आज थोडा भात खाल्ला.

१० आबान

परस्तूचं नाव लागलं. चारशे एकतिसावं.

दुपारी नातीचा फोटो बघायला गेलो, उघडेना; फोटो येतात त्या परदेशी अ‍ॅपला सरकारचं कुलूप आहे, ते आडवाटेनेच उघडतं. बटण पाहिलं. बंद. कालपासून बंद.

या देशात सगळ्यांचं दिवसभर हेच चालतं. दवाखान्याचा नंबर लावायचा — बटण बंद. नातीचा फोटो बघायचा — बटण चालू. वीसदा बंद, वीसदा चालू. बोटाला भान राहत नाही. काल सरकारी साइटवरून निघालो आणि बटण चालू करायचंच राहिलं. अडसर बिडसर काही नाही. मी उघड्या तोंडाने गेलो, म्हणून दार उघडलं.



११ आबान

महलकाला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. "तूबाला सांगू नका," एवढंच म्हणाली.

१४ आबान, शनिवार

कागद आला. मंगळवारी नऊ वाजता हजर व्हा. पत्ता आहे, खात्याचं नाव नाही.

कागद माझ्या नावाचा नाही. महलकाच्या नावाचा आहे. इंटरनेटची जोडणी घेतली तेव्हा माझं ओळखपत्र हरवलेलं होतं, म्हणून तिच्या नावावर घेतली. मी ते विसरूनही गेलो होतो.

मी म्हणालो, मी जातो. हात माझा होता, तिला तर टॅब चालू करता येत नाही.

"तुम्ही?" ती म्हणाली. "दोन प्रश्नांत तूबाचं नाव सांगून मोकळे व्हाल. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात, हे मला साखरपुड्यापासून माहीत आहे."

"मग तू काय सांगशील?"

"म्हातारी आहे, काही कळत नाही म्हणेन. बायकांना कळत नाही यावर त्यांचा लगेच विश्वास बसतो."

मी आवाज चढवला. पंचेचाळीस वर्षांत चढवला नव्हता. मंगळवारी मीच जाणार. ती म्हणाली, "बरं."

१७ आबान, मंगळवार, संध्याकाळ

सकाळी सहाला तिने मला नान आणायला पाठवलं. भट्टीवर रांग मोठी होती. परत आलो तर कोनाड्यात कागद नाही, दारात तिच्या चपला नाहीत. धावत त्या पत्त्यावर गेलो. फाटकावरचा म्हणाला, अशी कुणी बाई आलेलीच नाही.

या वहीत आजवर कुणाला हाक मारून बोललो नाही. महलका, आज तुझ्याशी बोलतो. कुठे ठेवलंय तुला, ते कुणाच्याही हाती दोन ओळी लिहून कळव. लवकर कळव.