उडणाऱ्या वीराचा रंग

जिंतूर, ४ एप्रिल १९८६

मा. संपादकसाहेब,

तुमच्या चित्रकथांच्या मासिकासाठी काढलेला माझा उडणारा वीर तुम्ही "गोरा करा, मग छापू" म्हणून परत पाठवलात. दुकानांच्या पाट्या रंगवत मी आपला आपण चित्रं काढायला शिकलो. हे माझं पहिलं छापील चित्र ठरलं असतं. त्याचा रंग मी माझ्या मनगटाशी ताडून कालवला होता. तुमचे बारा अंक तपासले. वीर सगळे गुलाबी, चोर तेवढे माझ्या रंगाचे. दिवसभर उन्हात उडणारा माणूस गुलाबी राहतो कसा?

काल गोरा करून पाहिला. बायको मनकर्णा म्हणाली, "ह्यो कुठला पाव्हना? आपल्यातला वाटंना की."

पुन्हा सावळा केला. उत्तर म्हणून फक्त तोच पाठवतोय. हे पत्र मात्र माझ्याजवळच ठेवतो.

आपला,
मुंजाजी पेंटर